सुईऐवजी श्वास: गोवराच्या लशीची पुणे जिल्ह्यातली परीक्षा

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके. दोघांचाही पूर्वभाग बागायती आहे. नारायणगाव, ओतूर, मंचर या बाजूला कालव्याचं पाणी, ऊस, द्राक्षं आणि टोमॅटोचा बाजार. पश्चिमेकडे निघालं की अर्ध्या दिवसात मुलूख पालटतो. घाटघर, हातवीज, आहुपे ही सगळी सह्याद्रीच्या धारेवरची गावं. पावसाळ्यात धुकं आणि चिखल, उन्हाळ्यात हिरड्याची वेचणी. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं याच दोन तालुक्यांत उभी राहिली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. फुगवट्याच्या पलीकडच्या वाड्यांना रस्त्याचा वळसा वाढला.

अशा वाडीवर गोवराची लस पोचवायची म्हणजे काय, हे आरोग्यसेविकेला विचारावं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमधून कुप्या काढायच्या, बर्फाच्या पट्ट्या लावलेल्या निळ्या डब्यात ठेवायच्या आणि तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राखत पोचायचं. गोवराची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. तिच्यासोबत आलेलं द्रावणच घालून ती कालवायची. एकदा कालवली की चार तासांच्या आत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. एका कुपीत पाच किंवा दहा मात्रा असतात आणि वाडीवर त्या दिवशी नऊ महिने पूर्ण झालेलं बाळ कदाचित एकच असतं. बाकीच्या मात्रा वाया जाणार हे ठाऊक असूनही कुपी फोडायची, कारण ते एक बाळ पुढच्या महिन्यात भेटेलच याची खात्री नसते. आई-बाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले तर बाळही त्यांच्यासोबत जातं.

त्यात सुईचा प्रश्न. गोवराचं इंजेक्शन त्वचेखाली द्यावं लागतं, ते देण्यासाठी प्रशिक्षित हात लागतो, आणि वापरलेल्या सुया नीट गोळा करून नष्ट कराव्या लागतात. कालवलेली कुपी उन्हात राहिली, तिच्यात जंतू शिरले, तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. मग ही लस नाकातोंडावाटे, नुसत्या श्वासातून देता आली तर? गोवराचा विषाणू स्वतः शरीरात शिरतो तो श्वासातूनच. हा विचार तीन खंडांतून फिरला, माकडांवर तपासला गेला आणि शेवटी पुणे जिल्ह्यातल्या गावांतल्या बाळांपर्यंत आला. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. मराठी वाचकाला ती फारशी कोणी सांगितलेली नाही, आणि मला ती सांगण्याजोगी वाटते.

आधी रोगाबद्दल थोडं. आपल्याकडे गोवर निघाला की घरात कडुलिंबाचा पाला यायचा, फोडणी बंद व्हायची, मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवायचे. पुरळ पूर्ण बाहेर पडू द्यावा, औषध देऊ नये, अशी समजूत होती. आठ-दहा दिवसांत पुरळ मावळायचा आणि घरचे निश्चिंत व्हायचे. खरा घात बऱ्याचदा त्यानंतर व्हायचा. मूल जुलाबाने खंगायचं, न्यूमोनियाने दगावायचं, किंवा त्याचा कान वाहू लागायचा. "गोवर गेला, पण तेव्हापासून कान फुटलाय" हे वाक्य जुन्या पिढीच्या कित्येक घरांत ऐकू यायचं.

कानाचं असं का होतं? पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. तिला युस्टेशियन नलिका नावाची बारीक वाट घशाच्या मागच्या भागाशी जोडते. लहान मुलांत ही वाट आखूड आणि जवळजवळ आडवी असते. गोवराचा विषाणू नाक-घशाचं अस्तर सुजवतो, नलिका बंद पडते, पोकळीत पाणी साचतं. त्याच सुमारास शरीराची प्रतिकारशक्तीही खाली बसलेली असते, त्यामुळे घशातले जिवाणू वर चढतात, पाण्याचा पू होतो आणि पडदा फाटतो. गोवर झालेल्या साधारण दहा मुलांमागे एकाला कानाचा संसर्ग होतो. लशीच्या आणि प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात नंतर येणाऱ्या बहिरेपणाचं गोवर हे एक मोठं कारण होतं. मधल्या कानात साचलेल्या पाण्यावर श्वासावाटे औषध देता येईल का, याचेही प्रयोग झाले आहेत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसात जो सरफॅक्टंट घालतात, त्याचा फवारा जर्बिल नावाच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्यांना देऊन पाहिला गेला. बंद नलिका उघडावी ही त्यामागची अपेक्षा. पण साचलेलं पाणी काढण्यापेक्षा ते साचूच न देणं केव्हाही चांगलं, आणि गोवरापुरतं ते काम लस करते.

गोवराने मोडलेली प्रतिकारशक्ती किती खोल मोडते, हे अलीकडे कळलं. २०१९ साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर येऊन गेल्यावर इतर जंतूंविरुद्ध आधी कमावलेली ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्यं त्या मुलांच्या रक्तातून गेली होती. म्हणजे आजवर सोसलेल्या दुखण्यांतून शरीर जे शिकलं, त्यातलं बरंचसं पुसलं जातं. आपल्या आज्या गोवरानंतर मुलाला महिना-दोन महिने जपत, ते अगदी योग्य होतं.

आता प्राण्यांकडे येतो, कारण या कहाणीत त्यांचा वाटा मोठा आहे. साध्या पांढऱ्या उंदरांना गोवर होत नाही, त्यामुळे संशोधकांना माकडांकडेच वळावं लागलं. १९११ साली जॉन अँडरसन आणि जोसेफ गोल्डबर्गर या अमेरिकी डॉक्टरांनी गोवराच्या रुग्णाचे स्राव गाळून माकडांना टोचले आणि त्यांना रोग झाला. गोवराचा जंतू गाळणीतूनही निसटण्याइतका बारीक आहे, हे त्यातून सिद्ध झालं. पुढची काही दशकं पाश्चात्त्य प्रयोगशाळांत ऱ्हिसस माकडांची मागणी वाढतच गेली. पोलिओच्या लशीच्या काळात तर ती प्रचंड झाली, आणि ती माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात होती. अखेर १९७८ साली भारत सरकारने त्यांची निर्यात बंद केली. त्या मुक्या जनावरांची नावं कुठे नाहीत, पण लशींच्या इतिहासात त्यांची जागा आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

लशीचं बीज मिळालं १९५४ मध्ये. बोस्टनजवळच्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली होती. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतले तरुण डॉक्टर थॉमस पीबल्स तिथे जाऊन मुलांचं रक्त गोळा करत होते. डेव्हिड एडमन्स्टन या तेरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातून आलेला विषाणू काचेतल्या पेशींवर वाढला. तो पुनःपुन्हा वाढवत, आधी माणसाच्या पेशींवर आणि मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर, त्याचा जोर कमी केला गेला. सौम्य झालेला विषाणू माकडांना दिला तेव्हा ती आजारी पडली नाहीत, आणि नंतर खरा गोवर दिला तरी तगली. १९५८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड स्कूल या मतिमंद मुलांच्या संस्थेत लहान मुलांवर पहिली चाचणी झाली. स्वतःबद्दल काही बोलू न शकणाऱ्या मुलांवर असे प्रयोग तेव्हा चालत. आज ते कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. १९६३ मध्ये अमेरिकेत लशीला परवानगी मिळाली.

त्याच एडमन्स्टन विषाणूची एक शाखा युगोस्लाव्हियातल्या झाग्रेब शहरी गेली. तिथल्या संस्थेत ड्रागो इकिच यांनी ती माणसाच्या पेशींवर वाढवली. तिचं नाव एडमन्स्टन-झाग्रेब. हे लांबलचक नाव वाचकाने ध्यानात ठेवावं, कारण पुढे पुण्याच्या हडपसरमध्ये हीच लस तयार होऊ लागली.

सुईला पर्याय शोधणाऱ्यांत सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे आल्बर्ट सेबिन. तोंडातून देण्याची पोलिओची लस त्यांचीच. साखरेच्या खड्यावर किंवा जिभेवर दोन थेंब टाकून जगातल्या कोट्यवधी मुलांना वाचवणारा हा शास्त्रज्ञ पंचाहत्तरीच्या सुमारास गोवराकडे वळला. त्यांना सतावणारी अडचण अशी होती: बाळ जन्मतं तेव्हा आईकडून आलेली प्रतिद्रव्यं त्याच्या रक्तात असतात. ती काही महिने बाळाला राखतात, पण त्याच काळात टोचलेली लसही मारून टाकतात. म्हणून बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात गरीब देशांतली कित्येक बाळं गोवराला बळी पडतात. लस श्वासातून दिली तर रक्तातल्या त्या प्रतिद्रव्यांना वळसा घालता येईल का, हा सेबिन यांचा प्रश्न.

मेक्सिकोत होर्हे फर्नांदेस दे कास्त्रो आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी हे करून पाहिलं. १९८३ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. माणसाच्या पेशींवर वाढवलेली लस फवाऱ्यातून दिली तेव्हा आईची प्रतिद्रव्यं असलेल्या बाळांमध्येही तिने काम केलं. कोंबडीच्या पेशींवर वाढवलेल्या लशीला तसं यश आलं नाही. यंत्र अगदी साधं होतं. हवेचा दाब देणारा कॉम्प्रेसर, कुटलेल्या बर्फात ठेवलेला फवारक, त्याला जोडलेली नळी आणि तोंडासमोर धरायचा कागदी शंकू. मुलाने तीस सेकंद श्वास घ्यायचा आणि पुढे सरकायचं.

१९८८ ते १९९० या काळात मेक्सिकोत गोवराची मोठी साथ आली. तेव्हा या यंत्राने सुमारे चाळीस लाख शाळकरी मुलांना लस दिली गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेतही शाळकरी मुलांवर तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. ज्यांना आधी एकदा लस मिळालेली होती अशा मुलांत फवाऱ्याने दिलेली दुसरी मात्रा इंजेक्शनपेक्षा सरस ठरली. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. ही मुलं मोठी होती, सांगितलं तसा श्वास घेणारी होती, आणि त्यांच्या शरीराने गोवराची किंवा लशीची ओळख आधीच करून घेतलेली होती. तान्ह्या बाळांवरचे छोटे अभ्यास मात्र एकसारखे बोलत नव्हते. कुठे यश, कुठे कमी. सेबिन १९९३ मध्ये गेले. त्यांचा प्रश्न अर्धवट राहिला.

तो पुन्हा हाती घेतला जागतिक आरोग्य संघटनेने. २००२ मध्ये अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र आणि अमेरिकन रेडक्रॉस यांच्यासोबत गोवराच्या फवारा-लशीचा प्रकल्प सुरू झाला आणि बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनने त्यासाठी पैसे दिले. यंत्रं नव्याने घडवायची, लशीची मात्रा ठरवायची, आणि माणसांआधी पुन्हा प्राण्यांवर तपासायचं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठात रिक दे स्वार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मकाक माकडांना ही फवारा-लस दिली. जिवंत विषाणू थेट फुप्फुसात सोडायचा तर तिथे दाह होणार नाही ना, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच दुबळी आहे त्यांना धोका होणार नाही ना, हे पाहणं महत्त्वाचं होतं. एचआयव्ही पसरलेल्या देशांत लस द्यायची तर हा प्रश्न टाळता येत नव्हता. म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेल्या माकडांवरही चाचणी झाली. फवाऱ्यामुळे वेगळा धोका आढळला नाही. २००६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, आणि माणसांच्या चाचण्यांचा रस्ता मोकळा झाला.

आता पुणं. हे शहर या कामासाठी निवडलं जाणं स्वाभाविक होतं. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट काढली. घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातासारख्या रोगांवरची प्रतिविषं बनवणं हे तिचं सुरुवातीचं काम होतं. पुढे एडमन्स्टन-झाग्रेब वाणाची गोवराची लस इथे बनू लागली आणि जगभरच्या देशांना जाऊ लागली. फवाऱ्याच्या चाचणीत जी लस वापरायची ती इथलीच होती.

दुसरी बाजू के. ई. एम. रुग्णालयाची. पुण्याच्या या रुग्णालयाला आकार दिला डॉ. बानू कोयाजी यांनी. दवाखान्यात बसून खेड्यातलं आजारपण कळत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवून त्यांच्या हातून आरोग्यसेवा चालवायची, ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढूच्या परिसरातल्या घरांची नियमित नोंद ठेवण्याचं काम सुरू झालं: कोण जन्मलं, कोण गेलं, कोण स्थलांतरित झालं. एखाद्या लशीची काटेकोर परीक्षा घ्यायची तर गावाने आपलं मानलेली माणसं लागतात आणि वर्षानुवर्षं जपलेल्या वह्या लागतात. पुण्यात दोन्ही होतं. के. ई. एम.च्या संशोधन केंद्राचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आशिष बावडेकर आणि डॉ. सिद्धिविनायक हिरवे हे या चाचणीतले इथले प्रमुख संशोधक. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाच्या निकोला लो आणि वेल्लोरचे संख्याशास्त्रज्ञ लक्ष्मणन जेयसीलन हेही त्यांच्यासोबत होते.

काळ मात्र सोपा नव्हता. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी गेला आणि शहर मास्कमागे गेलं. पुढच्याच वर्षी सिरमने स्वाइन फ्लूची नाकात फवारायची लस बाजारात आणली. एप्रिल २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प संमतीच्या प्रश्नावरून थांबवला गेला आणि परदेशी पैशाने भारतीय मुलांवर होणाऱ्या कोणत्याही चाचणीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. तो संशय अनाठायी नव्हता. अशा हवेत पुणे जिल्ह्यातल्या गावांत जाऊन आई-वडिलांना सांगायचं होतं की तुमच्या बाळाला नेहमीचं इंजेक्शन मिळेल की नवा फवारा, हे आधी कुणालाच ठरवता येणार नाही, चिठ्ठी निघेल तसं होईल.

तरी आई-वडील आले. नऊ महिने पूर्ण झालेली आणि वर्षाच्या आतली २,००४ बाळं या चाचणीत सामील झाली. १,००१ बाळांना फवारा आणि १,००३ बाळांना सुई. फवाऱ्यासाठी नव्या पद्धतीचं यंत्र होतं. त्यातली बारीक छिद्रांची जाळी कंप पावते आणि लशीचे सूक्ष्म थेंब उडवते. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या नाकातोंडावर मास्क धरायचा आणि तेवढ्या वेळात श्वासातून लस आत जाऊ द्यायची. ९१ व्या दिवशी बाळाच्या रक्ताचा नमुना घेऊन त्यात गोवराची प्रतिद्रव्यं तयार झाली का हे पाहायचं. सुईपासून सुटका मिळावी म्हणून सुरू केलेल्या या कामात बाळांना रक्त देण्यासाठी सुई सोसावी लागली, हे त्या आयांनी मान्य केलं. त्यांचं ते देणं मोठं आहे.

परीक्षेचा नियम आधीच ठरवलेला होता. फवाऱ्याचं यश इंजेक्शनपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक कमी असता कामा नये. तेवढ्यात बसलं तर फवारा स्वीकारण्याजोगा. १६ एप्रिल २०१५ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. नियमाप्रमाणे सर्व टप्पे पार पडलेल्या बाळांपैकी इंजेक्शन मिळालेल्या ७८५ बाळांत ७४३ जणांच्या रक्तात, म्हणजे ९४.६ टक्के बाळांत, प्रतिद्रव्यं सापडली. फवारा मिळालेल्या ७७५ बाळांत ती ६६२ जणांत, म्हणजे ८५.४ टक्के बाळांत सापडली. फरक ९.२ टक्क्यांचा. लशीमुळे गंभीर त्रास कोणत्याही गटात झाला नाही. फवारा सुरक्षित होता, बहुतेक बाळांत काम करत होता, पण इंजेक्शनच्या बरोबरीचा नव्हता.

नऊ टक्के म्हणजे फार नाही असं कुणाला वाटेल. गोवराच्या बाबतीत ते फार आहे. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण होते, इतका तो झपाट्याने पसरतो. साथ थोपवायची तर समाजातल्या सुमारे ९५ टक्के लोकांकडे प्रतिकारशक्ती हवी. लस घ्यायला आलेल्या दर शंभर बाळांमागे पंधरा बाळं उघडीच राहिली, तर काही वर्षांत उघड्या मुलांची एवढी मोठी फळी जमते की गोवराला वाट मिळते. त्या दिवसांत भारताचं ओझंही भारी होतं. २०१० मध्ये जगभरात गोवराने जितके मृत्यू झाले असा अंदाज होता, त्यातले ४७ टक्के एकट्या भारतातले होते.

फवारा मागे का पडला? माझ्या मते उत्तर बाळाच्या श्वासातच आहे. प्रयोगशाळेतल्या माकडाला गुंगी देऊन निजवतात, मास्क घट्ट बसवतात आणि ते शांतपणे श्वास घेतं. मेक्सिकोतला शाळकरी मुलगा सांगितलं की खोल श्वास घेतो. नऊ महिन्यांचं बाळ मास्क पाहून मान फिरवतं, रडतं, हुंदके देतं. त्याचा प्रत्येक श्वास लहान, आणि त्यातली किती लस नाकातच अडली, किती बाहेर उडाली, किती फुप्फुसात पोचली याचा हिशोब लागत नाही. इंजेक्शनच्या नळीत मात्र ठरलेली मात्रा असते आणि ती सगळीच्या सगळी आत जाते. प्राण्यांवरचे प्रयोग एखादी गोष्ट शक्य आहे का आणि घातक नाही ना, एवढं सांगतात. वाडीवरच्या बाळावर ती चालेल का, हे फक्त ते बाळ सांगू शकतं.

दुसरा एक प्रयत्नही पुण्यातून गेला. द्रवाचा फवारा करण्यापेक्षा लशीची अतिबारीक कोरडी भुकटीच हुंगायला दिली तर कालवण्याची भानगड राहणार नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉबर्ट सीव्हर्स यांनी सिरमसोबत हा मार्ग धरला. आधी कॉटन रॅट नावाच्या, गोवर होऊ शकणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यावर भुकटीचे कण फुप्फुसात कुठवर जातात हे पाहिलं. मग ऱ्हिसस माकडांवर. २०११ मध्ये आलेल्या निकालानुसार त्या माकडांना वर्षाहून अधिक काळाने खरा गोवर दिला तरी ती पूर्ण सुरक्षित राहिली. त्यानंतर पुण्यात साठ प्रौढ पुरुषांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला: भुकटी सुरक्षित आहे. त्या सर्वांकडे गोवराची प्रतिकारशक्ती आधीपासूनच होती, त्यामुळे बाळांत ती किती काम करील हे त्या चाचणीतून कळणार नव्हतं. बाळांच्या हाती भुकटी आजवर आलेली नाही.

भारतात लसीकरणाचा आरंभही आपल्याच भागात झाला होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती देशातली पहिली यशस्वी लस. तिच्या हातावरच्या फोडातलं द्रव पुढे इतर मुलांना टोचलं गेलं. दोनशे वर्षांनंतरही आपल्या मुलांच्या अंगावर लशीचा इतिहास लिहिला जातोच आहे. ॲना डस्टहॉलचं नाव पुस्तकांत आहे. पुणे जिल्ह्यातल्या त्या २,००४ बाळांचं एकत्रित नावसुद्धा आपल्या शाळांच्या पुस्तकांत नाही. त्यांनी दिलेलं उत्तर नकाराचं होतं म्हणून असेल. पण नकाराचं खरं उत्तरही विज्ञानाला लागतं. ते मिळालं नसतं आणि होकार गृहीत धरून देशोदेशी फवाऱ्याची यंत्रं वाटली गेली असती, तर दर शंभरातली ती जास्तीची नऊ बाळं गोवरापुढे उघडी राहिली असती.

सुईला पर्यायाचा शोध थांबलेला नाही. गाम्बियात गोवर-रुबेलाच्या लशीची बारीक सुयांची चिकटपट्टी मनगटावर लावून पाहिली गेली. २०२४ च्या निकालात नऊ महिन्यांच्या बाळांत तिने गोवराविरुद्ध ९३ टक्के यश दाखवलं आणि इंजेक्शनने ९० टक्के. अशी पट्टी एकेका बाळापुरती असते, ती कालवावी लागत नाही आणि ती लावायला कमी प्रशिक्षण पुरतं. डोंगरावरच्या एका बाळासाठी पाच मात्रांची कुपी फोडण्याची वेळ त्यामुळे कधीतरी टळेल. पण ही पट्टी अजून आपल्या उपकेंद्रात आलेली नाही.

तोवर काम इंजेक्शननेच होणार आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आहे, दुसरी मात्रा २०१० पासून सुरू झाली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. तरी २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला आणि मुलं दगावली. जिथे मात्रा चुकल्या होत्या तिथे तो शिरला.

जुन्नर, आंबेगाव किंवा कुठल्याही तालुक्यात तुमच्या घरी, शेजारी, शेतावर कामाला आलेल्या कुटुंबात लहान बाळ असेल, तर एवढं करा. त्याच्या लसीकरण कार्डावर गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रांपुढे तारखा आहेत का ते पाहा. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नऊ महिन्यांच्या भेटीत 'अ' जीवनसत्त्वाची मात्राही मिळते. कार्ड हरवलं असेल तरी आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला गाठा. ऊसतोडीला बाहेरगावाहून आलेल्या बाळालाही लस तिथेच मिळते, आणि ती मोफत आहे.